तारखेच्या संध्याकाळचा तीन ओळींचा मेसेज

आमचं वकिलीचं ऑफिस म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कोर्टाजवळच्या दोन खोल्या. मी, आमचे टायपिस्ट दादा, आणि 2022 पासून बारामतीला स्वतःच्या घरून काम करणारी माझी ज्युनिअर. कामं बहुतेक दिवाणी, वाटपाचे दावे, बांधाची भांडणं, फेरफाराची अपिलं. परवा बाररूममध्ये एका नवीन वकील मुलीने विचारलं, मॅडम तुमच्याकडे पुण्यामुंबईचे एवढे पक्षकार कसे काय येतात? तेव्हा घाईत काहीतरी अर्धवट सांगितलं, म्हणून आज नीट लिहिते.

वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम 36 आहे. 2008 मध्ये वेबसाइटची मुभा मिळाली पण तीसुद्धा नाव, पत्ता, शिक्षण, कामाचा प्रकार एवढ्यापुरतीच. म्हणजे काम वाढणार ते एका पक्षकाराने दुसऱ्याला सांगूनच. आणि तो सांगतो काय, तर ह्या मॅडम काय झालं ते कळवतात. बस, एवढंच.

वाटपाच्या दाव्यात पाच भावंडं असली तर एक गावात, एक बहीण डोंबिवलीला, भाऊ भोसरीला कंपनीत, पुतण्या दुबईत असं असतं. भोसरीचा भाऊ रजा टाकून पहाटेची एसटी धरून यायचा, बारा वाजेपर्यंत व्हरांड्यात उभा राहायचा, मग पुकारा व्हायचा आणि समोरच्यांचा मुदतीचा अर्ज, पुढची तारीख. त्या दिवसाचा पगार गेला तो गेलाच. मला खरंच ते बघवायचं नाही.

लॉकडाऊनमध्ये कामकाज थंडावलं, सुप्रीम कोर्टाने 15 मार्च 2020 पासून दावे-अपिलं दाखल करण्याच्या मुदतीची गणती थांबवली, तेव्हा हाताशी वेळ होता. बसून एकेका फाइलचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक काढला, कोर्टाच्या तारखा दाखवणाऱ्या ईकोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला आणि पक्षकारालाही पाठवला. कोर्टं सुरू झाल्यावर एक नियम केला की तारीख झाली की त्याच संध्याकाळी तीन ओळी जायच्या. आज काय झालं, पुढची तारीख कोणती, आणि तुम्ही यायचं की नाही. तिसऱ्या ओळीसाठी लोक जीव टाकतात हो. आणि हा मेसेज ज्याचा त्याला वेगळा, कुटुंबाच्या ग्रुपवर कधीच नाही, कारण आज एका बाजूला असलेली भावंडं उद्या समोरासमोर उभी राहू शकतात.

ज्युनिअरची गोष्ट वेगळी. बाळ झाल्यावर तिची प्रॅक्टिस सुटली होती, ड्राफ्टिंग मात्र उत्तम. पण पहिली अडचण आली ती फॉन्टची! आमचं सगळं टायपिंग श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये, फाइल तिच्या लॅपटॉपवर उघडली की नुसती चिन्हं दिसायची, शोधायला गेलं तर नाव सापडायचं नाही. दोन महिने घालवून चालू दावे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये आणले, टायपिस्ट दादांनी वयाच्या 56 व्या वर्षी नवीन कीबोर्ड शिकून घेतला, त्यांचं मला फार कौतुक आहे. आता मी पक्षकाराकडून हकीकत ऐकताना फोनवर बोलून टाइप करते, ती संध्याकाळी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, तयार करते. फक्त बोलून टाइप केलेलं तपासल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, प्रतिवादीचं "प्रति वादी" होतं आणि वाक्याचा अर्थच फिरतो. सातबारा तर डिजिटल सहीचा 15 रुपयांत ती घरून काढते, तलाठी कार्यालयाची फेरी वाचते.

एकदा मात्र मोठी चूक झाली, माझीच. 12 तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये 21 म्हणून टाकली, ॲपशी ताडून पाहिली नाही, आणि दावा वादी गैरहजर म्हणून काढून टाकला गेला. दावा परत फाइलवर घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 नियम 9 चा अर्ज दिला, शपथपत्रात चूक कबूल केली, पक्षकाराकडून त्या अर्जाचा एक रुपया घेतला नाही. त्या काकांना फोन करताना हात थरथरत होते. तेव्हापासून कागदी डायरी परत आली, रोज संध्याकाळी डायरी मी वाचते आणि ज्युनिअर तिकडे ॲप बघून ताडते.

सगळं घरबसल्या होत नाहीच. उलटतपासाला पक्षकार समोर लागतो, मला तर साक्षीदाराचा चेहरा बघितल्याशिवाय पुढचा प्रश्न सुचत नाही. दुबईच्या पुतण्याने मुखत्यारपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून असल कागद इकडे यावा लागतो आणि आल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प भरावा लागतो. ही मुदत मी पहिल्याच फोनवर सांगते.

18 ऑगस्ट 2025 पासून आमच्या जिल्ह्याची हायकोर्टाची कामं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, म्हणजे हायकोर्टाच्या तिथल्या खंडपीठाकडे गेली. आम्हाला फार सोयीचं झालं, पण डोंबिवलीच्या ताईंचा लगेच फोन, मॅडम आता मला कोल्हापूरला यावं लागणार का, माझे गुडघे दुखतात. त्यांच्या अपिलाची तारीख मागच्या आठवड्यात झाली. संध्याकाळी मेसेज गेला, तिसरी ओळ: ताई, तुम्ही यायचं नाही.