रायबाचं पुढं काय झालं?

"आधी लगीन कोंडाण्याचं, मग रायबाचं" हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय, पण त्या रायबाचं पुढं काय झालं हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. १६७० मध्ये कोंडाण्यावर तानाजी पडले आणि धड्यातली गोष्ट तिथंच संपली. तर तो रायबा सापडला चंदगड तालुक्याच्या पार टोकाला, पारगडावर!

१६७६ मध्ये महाराजांनी हा गड बांधला तो गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला, आणि किल्लेदार नेमला रायबा मालुसरेला. मालुसऱ्यांचे आणि बाकीच्या शिबंदीचे वंशज आजही गडावर राहतात, म्हणजे ओस पडलेला किल्ला बघायच्या तयारीनं साडेतीनशेक पायऱ्या चढून धापा टाकत वर जावं तर समोर कुणाच्या तरी अंगणात नाचणी वाळत पडलेली आणि कोंबड्या हाकलणारी म्हातारी विचारते, "कुणाकडं आलाय?" मी आपला गप्प, किल्ला बघायला आलोय असं दुसऱ्याच्या घरासमोर उभं राहून कसं सांगायचं?

भवानीचं देऊळ बघितलं, मग कड्यावर जाऊन बसलो. खाली तिलारीचं खोरं, सगळं गच्च रान. घाटावर पडलेला पाऊस इथं दोन वाटांनी जातो. पश्चिमेला उतरलेलं पाणी तिलारीतून गोव्यात, तिथं हीच नदी शापोरा म्हणून अरबी समुद्राला मिळते, आणि पूर्वेचं ताम्रपर्णीतून घटप्रभेत, मग कृष्णेत आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात!

माणसांचंही तसंच झालंय. चंदगड आधी बेळगाव जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव गेलं म्हैसूर राज्यात आणि चंदगड आलं कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे गाव जागच्या जागीच आणि जिल्ह्याचं ठिकाण मात्र शंभरेक किलोमीटर लांब जाऊन बसलं. दुसऱ्या बाजूला तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत चक्क पोर्तुगीज होते, म्हणजे पावणेतीनशेहून जास्त वर्षं गड ज्यांच्यावर नजर ठेवून होता ते खरंच तिथंच होते. हे गणित कड्यावर बसून केलं आणि जाम मजा वाटली.

परत येताना पायरीवर एक आजोबा बसलेले. कुठं जाता येता विचारलं तर म्हणाले, बाजार बेळगावचा, मोठं दुखणं आलं की बांबोळीला (हे गोव्यात), आणि कागदपत्रांसाठी चंदगड नाहीतर कोल्हापूर. तीन राज्यांची नावं त्यांनी एकदाही घेतली नाहीत, नुसती गावांची. खाली कोकणात उतरायला मोर्ल्याची जुनी वाट आहे, तिचा चांगला रस्ता व्हावा म्हणून किती वर्षं बोंब मारतोय तेही सांगून झालं. (यावर अर्धा तास गेला, इथं लिहीत नाही.)

मालुसरेच निघाले. शेवटी न राहवून विचारलंच, "आजोबा, रायबाचं लग्न झालं का हो मग?"

त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं मला.

"नाही झालं म्हणता? मग आम्ही कुठनं आलो ओ?"