आमची वाटचाल : आधी किराणा, मग अलॉय

बेळगावात गाडीच्या ॲक्सेसरीजची दुकानं काही कमी नाहीत, आणि आमच्यापेक्षा चकचकीत तर पुष्कळ आहेत. तरीही निपाणी, खानापूर, पलीकडं चंदगडपर्यंतची गिऱ्हाइकं वाट वाकडी करून आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात. काम चांगलं आहे म्हणून येतात असं मी धरून चालतो, पण बरेचजण बायकोनं किंवा वडलांनी पाठवलं म्हणून येतात. ‘तिथं जा, तो उगाच खर्चात पाडत नाही’ अशी आमची ख्याती. धंद्याला ही ख्याती चांगली की वाईट, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

वडील उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला होते. मला भट्टीसमोर उभं राहायचं नव्हतं म्हणून एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली लागलो. हॉर्न, बॅटरी, स्टार्टर, वायरिंग. पुढं स्वतःची शेड भाड्यानं घेतली. बायको वडगावची, विणकराच्या घरातली. माग चालला तर मजुरी, लग्नसराईत दोन पैसे जास्त, पावसाळ्यात ओढाताण. अशा घरात वाढलेली बाई पैसा आला की आधी त्याला नाव घालते : हा किराण्याचा, हा फीचा, हा दवाखान्याचा. दुकानाचं पुस्तक पहिल्यापासून तिच्याकडं आहे. दुकानाच्या गल्ल्यातून घरचं दूध आणायलासुद्धा मला बंदी आहे, आधी महिन्याचा पगार उचलायचा आणि मग त्यातून दूध.

सुरुवातीची वर्षं कमाई सोप्या कामांवर होती. काचांना काळी फिल्म, पुढं लोखंडी बंपर गार्ड, बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर. फिल्मचा धंदा २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बसला. कारखान्यातून येणाऱ्या काचेतून पुढं-मागं किमान ७० आणि बाजूला ५० टक्के उजेड आत यायला हवा हा नियम आधीपासून होताच, कोर्टानं वरून फिल्म चिकटवणंच बंद केलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्यानं बंपर गार्ड, बुलबारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं. त्यात तथ्य आहे. धडक बसली की गार्ड सगळा जोर चासीवर नेतो, एअरबॅगच्या सेन्सरला वेळेवर कळत नाही, आणि समोर माणूस आला तर तो लोखंडावरच आपटतो. मग जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावून सांगितलं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

आमच्या पुस्तकातली कमाईची जाड ओळ गेली ती अशी. वर ऑगस्ट २०१९ चा महापूर. त्या महिन्यात मात्र आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. सीटा काढून वाळवायच्या, कार्पेट उचलून चिखल काढायचा, वायरी जोडणारा एकेक कपलर उघडून साफ करायचा. पूर ओसरला तेव्हा बायको म्हणाली, ‘लोक चैनीला घासाघीस करत्यात, गरजेला पैसे ठेवून जात्यात. आपण गरजेच्या बाजूला सरकूया की.’ सहा-सात महिन्यांत लॉकडाऊन आला आणि सरकण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही.

त्याच सुमारास फायनान्सवाले दुकानात फिरायला लागले. गिऱ्हाइकाला जागेवर कर्ज, आम्हाला जागेवर पैसे आणि वर कमिशन. ‘फक्त १२ टक्के, मालक. हप्ता बसवा की, कोण नको म्हणतंय?’ बायकोनं वही पुढं ओढली. ६०,००० चं काम, १२ टक्के फ्लॅट, दोन वर्षं. व्याज १४,४००, म्हणजे महिन्याला ३,१०० चा हप्ता. आता यात गोम काय, तर मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वर लागतं. घटत्या शिलकेवर हिशोब केला तर हेच कर्ज साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातं. ज्या चाकाचं टायर दोन-तीन वर्षांत झिजणार, ज्या सीट कव्हरचा रंग उन्हानं उडणार, त्याला हे व्याज? तिनं एजंटाला चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडं मॉडिफिकेशन हप्त्यावर होत नाही. क्रेडिट कार्डावर घेणाऱ्याला मी एवढंच विचारतो की पुढच्या महिन्यात पूर्ण भरणार का. नसेल तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, ते वर्षाचे किती होतात ते आपापलं बघावं.

मग माणसानं पैसे आणायचे कुठून? आमच्या भागात पैसा येण्याचे हंगाम ठरलेले आहेत. फौंड्री कामगाराला दिवाळीचा बोनस. चिकोडी, हुक्केरीच्या शेतकऱ्याला उसाचं बिल, तेही कागदावर १४ दिवसांत आणि प्रत्यक्षात कारखान्याच्या मर्जीनं. जवानाला सुट्टी लागली की. दुकानदाराला रोजचा गल्ला, आणि त्याच्यासाठी पिग्मीसारखं, म्हणजे रोज दारात थोडेथोडे भरायच्या ठेवीसारखं, दुसरं साधन नाही. ही पिग्मी आपल्याच कर्नाटकातली, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं काढलेली. बँक २०२० मध्ये कॅनरात विलीन झाली, पण रोज संध्याकाळी पतसंस्थेचा एजंट दारात येतोच. दिवसाला ५० रुपये टाकले तर वर्षाला १८,००० च्या वर जातात. व्याज नावापुरतं, आणि मुदतीआधी मोडली तर कमिशन कापतात. पण गाडीची पिग्मी वेगळी काढायची, घराच्या पिग्मीत मिसळायची नाही, एवढं पथ्य पाळलं की पुरे. काहीजण म्हणाले, दुकानातच भिशी काढा, आम्ही दर महिन्याला भरू. ते आम्ही केलं नाही. लोकांच्या ठेवी गोळा करणं आमचं काम नव्हे, आणि २०१९ च्या अनियंत्रित ठेवींवरच्या बंदीच्या कायद्यानंतर तर अशा योजनेच्या वाटेला जाऊच नये.

काम ठरवायची आमची पद्धत एका जवानाच्या जीपवरून सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, आणि खानापूर, चंदगडकडं फौजेत कुणीच नाही असं गाव सापडणं अवघड. हा गडी सुट्टीवर आलेला, जुनी जीप घेतलेली, सोबत वडील. मोबाइलवर यादी तयार : गाडी उंच करणारा लिफ्ट किट, अलॉय म्हणजे मिश्रधातूची चाकं, मोठी टायरं, छतावर लाइट बार, टचस्क्रीन, बुलबार. बेरीज सव्वा लाखाच्या पुढं.

‘मामा, बसा, चहा घ्या,’ म्हणत बायकोनं विचारलं, ‘दादा, जीपचा हप्ता किती?’

‘साडेअकरा.’

‘आणि घरी किती पाठवता?’

तो बोलायच्या आत वडील म्हणाले, ‘कौलं बदलायची हाईत वो यंदा. वाशाला वाळवी लागल्या.’

जांबोटी, कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला कौलांपुढं अलॉयची किंमत सांगायची गरज नाही. बायकोनं एस्टिमेटचा कागद उलटा करून तीन रकाने आखले : आत्ता, पुढच्या सुट्टीत, नको. ‘आत्ता’त चार टायरं, मूळ मापाचीच. जुन्या टायरांची नक्षी झिजून खाली झीज दाखवणाऱ्या खुणेला टेकली होती, नाणं घातलं तर नुसतं सरकत होतं. ३०,००० तिथंच गेले. खालून गंज लागू नये म्हणून अंडरबॉडी कोटिंग ५,०००. हेडलाइटला रिले १,५००. ‘नको’त लिफ्ट किट, लाइट बार, बुलबार. बाकीचं पुढच्या सुट्टीत.

रिलेचं काम मी स्वतः केलं. बहुतेक जुन्या गाड्यांत दिव्याचा करंट स्विचमधून फिरून येतो, लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि बल्ब पिवळट जळतो. रिले बसवला की स्विच फक्त इशारा देतो, करंट बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट येतो. मूळ वायर कापायची नाही, कपलरला कपलर जोडायचा. बल्ब तोच ६०/५५ वॉटचा ठेवायचा. लोक १००/९० मागतात, तो आम्ही देत नाही. होल्डर वितळतो, आणि चोर्ला घाटात वळणावर समोरचा आंधळा होतो. काम झाल्यावर शेडची भिंत पांढरी झालेली बघून जवानाची नाराजी जरा उतरली.

पुढच्या सुट्टीत तो आलाच नाही. टचस्क्रीन त्यानं पोस्टिंगच्या गावीच बसवून घेतला, आमच्यापेक्षा स्वस्तात. कौलं मात्र पावसाआधी बदलली, हे वडलांनी बाजारात भेटून सांगितलं.

ते तीन रकाने आता प्रत्येक एस्टिमेटवर छापलेलेच असतात. क्रमही ठरलेला : थांबवणारं, दाखवणारं, टिकवणारं आणि शेवटी मिरवणारं. म्हणजे टायर-ब्रेक, मग दिवे, मग कोटिंग आणि मडफ्लॅप, मग सीट कव्हर नि संगीत. मिरवण्याला माझा विरोध नाही. ज्यानं उन्हातान्हात राबून गाडी घेतली त्यानं ती नटवावी, खंडेनवमीला झेंडूची माळ घालून गल्लीत फोटो काढावा. फक्त घरातले सगळे हप्ते मिळून पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेले असतील तर मिरवणाऱ्या रकान्याला आम्ही हात लावत नाही. हा तिसरा हिस्सा कुठल्या पुस्तकातला नाही, बायकोचा आहे.

अलॉय घालायचेच असतील तर टायरचा एकूण व्यास मूळच्या जवळ राहील असाच जोड निवडतो. मोठं चाक घातलं की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही पडतात आणि टायर मडगार्डला घासतं ते वेगळंच. ज्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे तिला साधं कव्हर शिवून देत नाही, एअरबॅग फुगली की शिवण सुटणारं खास कव्हर लागतं. सीएनजी किट फक्त मान्यताप्राप्त, आरसीवर नोंद करून, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी. ‘माझी गाडी एमएच-०९ आहे, तुमचा केए-२२ चा नियम मला कशाला?’ असं कोल्हापूरकडची मंडळी विचारतात. कायदा केंद्राचा आहे, सीमा ओलांडली म्हणून बदलत नाही.

विम्याचं बोलणं कुणालाच आवडत नाही, तरी करतो. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रिक वस्तू पॉलिसीत लिहून घेतली तर किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम पडतो. १५,००० च्या म्युझिक सिस्टीमला ६०० रुपये आणि वर जीएसटी. ते वाचवायला जातात आणि चोरी झाली की रिकाम्या हातानं आमच्याकडं येतात. म्हणून बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी लिहितो. जीएसटीचंच निघालं म्हणून, २०१७ पासून बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. १२,८०० ला पडणारी वस्तू ११,८०० ला येते. हजार रुपये वाचले म्हटल्यावर माणूस दोन हजाराचं आणखी काहीतरी बघायला लागतो, हेही लगेच दिसलं.

दरम्यान पाटी बदलावी लागली. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. पेंटरचा खर्च ‘आत्ता’च्या रकान्यात गेला, त्यात इलाज नव्हता. एस्टिमेट मात्र गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहितो. कन्नड मला बायकोपेक्षा बरं येतं, तेवढी एकच बाजू माझ्याकडं आहे.

वर्षाची उलाढाल बंपर गार्डच्या दिवसांपेक्षा आजही कमी आहे. पण उधारी जवळजवळ नाही, आणि दोन पोरं कामाला आहेत त्यांचा पगार पाच तारखेच्या पुढं कधी गेला नाही. आता व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावायचं, मशीन घ्यायचंय. टायर विकायचे आणि अलाइनमेंटला गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवायचं, हे बरं दिसत नाही. नवीन परवडत नाही, कोल्हापूरला एक जुनं बघून आलोय. मालकानं अडून धरलंय. भाव उतरला तर ऊस हंगामाच्या आधी बसवू, नाहीतर पुढच्या वर्षी.