फलोदीच्या पुढे

अकोल्याच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये. मे महिन्यात पेपर हातात आला की आम्ही आधी आपलं गाव तापमानाच्या यादीत कितवं आहे ते बघतो, आणि चंद्रपूर पुढे गेलेलं दिसलं की उगाच हिरमुसतो. त्यामुळे शाळेला सुट्टी लागल्यावर मी आणि माझ्या नणंदेने जैसलमेरची तिकिटं काढली तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण आम्ही तोऱ्यात होतो. खरं कारण पैशांचं. थंडीत जी खोली आपल्याला परवडत नाही, ती मे महिन्यात निम्म्या भावात मिळते. का मिळते, हा विचार दोघींपैकी एकीनेही केला नाही.

जोधपूरला गाडी बदलली. डब्यातल्या लोकांनी सकाळी दहालाच सगळी शटरं खाली ओढून घेतली. आमच्याकडे उकडलं की खिडकी उघडायची, म्हणून मी आमचं शटर वर केलं, तर समोरच्या आजोबांनी काही न बोलता ते पुन्हा खाली केलं आणि फटीवर ओला पंचा अडकवला. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की ती वारा म्हणून आत घ्यायची नसते. एवढी साधी गोष्ट, पण चाळीशी ओलांडेपर्यंत मला कुणी सांगितली नव्हती. पंचा अर्ध्या तासात कडक वाळायचा, आजोबा तो पुन्हा भिजवायचे.

दुपारी फलोदी आलं. भारतात अधिकृतपणे नोंदलेलं सर्वांत जास्त तापमान याच गावाच्या नावावर आहे, ५१ अंश, १९ मे २०१६. पाटीसोबत फोटो हवा म्हणून नणंद फलाटावर उतरली आणि अर्ध्या मिनिटात परत आली. चढताना दाराची दांडी धरली होती. तळहात लाल.

"वहिनी, तवा आहे हो हा. गाडी नाही."

हॉटेलवाल्याने आम्हाला सगळ्यात वरची खोली दिली. "किल्ला दिसतो इथून," म्हणाला. दिसत होता खरा. पण डोक्यावर उघडी गच्ची आणि गच्चीवर काळी टाकी. संध्याकाळी सहाला मी नळ सोडला तर चहाला आधण ठेवलंय असं पाणी. तक्रार केली तर तो म्हणाला, "रात्री बादल्या भरून ठेवायच्या, सकाळी पाचला आंघोळ करायची. सगळे तसंच करतात." मुद्दा बरोबर होता. फक्त पैसे घेण्याआधी सांगायला हवा होता. रात्री भिंतीला पाठ लावली तर तीही गरम. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान उचललं आणि किल्ल्याखालच्या गावात, एका जुन्या घरात तळमजल्यावरची खोली घेतली. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली काकीसा म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. त्या आम्हाला बाईसा म्हणायच्या.

काकीसांच्या घरात एसी नव्हता. कूलर होता, आणि त्याबद्दल मात्र मी चार शब्द अधिकाराने बोलू शकते. कूलर समोरच्या खिडकीशिवाय चालवला तर खोलीत नुसती ओल कोंडते. हवेला बाहेर जायला वाट लागते. आमच्या वऱ्हाडात हे शेंबडं पोरही जाणतं. पण तोच पंखा, तीच पाण्याची टाकी, तेच गवत असूनही इथला कूलर आमच्या कूलरपेक्षा गार का, हे कोडं मला दोन दिवस पडलं होतं. वाळवंटात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की पाणी झरझर उडतं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठाचं तेच, जीपला बाहेरून टांगलेल्या छागलेचं, म्हणजे कॅनव्हासच्या पाणपिशवीचं तेच. अंगावरच्या घामाचंही तेच, आणि माझा घात तिथेच झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला मला गडीसर तलाव बघायची हुक्की आली. काकीसा झोपल्या होत्या. नणंद म्हणाली, "चार वाजू द्या ना." मी म्हटलं, दीड-दोन किलोमीटर तर आहे. अंगात काळा कुर्ता, डोक्याला ओढणी, खिशात कांदा. कांदा खिशात ठेवायची आमच्याकडची जुनी रीत आहे. त्याने काय होतं ते मला माहीत नाही, पण ठेवतात.

गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. पिवळ्या दगडाची घरं दोन्ही बाजूंनी अंगावर आलेली, तोपर्यंत सावली होती. मोठ्या रस्त्याला लागले आणि सावली संपली. वाटेत मला बरंच वाटत होतं, हे मुद्दाम सांगते. घाम नाही, चिकचिक नाही. मनात म्हटलं, अकोल्यापेक्षा बरं. तलावाच्या दारापाशी, 'तिलों की पोल' नावाच्या दगडी वेशीखाली उभी राहिले तेव्हा कानात शिट्टी वाजायला लागली. मग पायऱ्या थोड्या डावीकडे सरकल्या.

जवळच एक पाणपोई होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले माठ, मागे एक म्हातारबाबा. मी ओंजळ पुढे केली तर त्यांनी पाणी दिलं नाही. "पहले बैठो हुकम," म्हणाले. बसले. मग त्यांनी लांब तोटीच्या भांड्यातून आधी माझ्या मनगटांवर पाणी सोडलं, मग मानेवर ओढणीसकट, आणि त्यानंतर ओंजळीत, तेही बारीक धारेने. त्या भांड्याला तिथे रामझारा म्हणतात, आपली झारीच. शेजारच्या दुकानातल्या बाईंनी मीठ-जिरं घातलेलं ताक आणून दिलं. मी बर्फ मागितला तर बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

रिक्षाने घरी पोचवलं. कुर्ता काढला तर पाठीवर मिठाची पांढरी नक्षी. घाम येतच होता, लिटरने येत होता, फक्त तो दिसायच्या आत उडत होता. आमच्याकडे निदान घाम ओघळून सांगतो तरी, की बाई आता पुरे. नणंदेने नक्षीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

गडीसर नंतर पहाटे साडेपाचला बघितला. चौदाव्या शतकातला हा तलाव. वर्षाकाठी वीस सेंटीमीटरच्या आसपास पाऊस पडतो अशा जागी आजूबाजूचा उतार पाहून एकेक थेंब अडवलेला. नळ येईपर्यंत गावाची तहान यानेच भागवली. आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आहे, हिमालयातून निघालेलं. त्याचा एक उलटा परिणाम किल्ल्यावर दिसतो. ११५६ साली वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे, आत घरं आहेत, हॉटेलं आहेत, आणि खालची टेकडी ठिसूळ. घागरींच्या काळात सांडपाणी ते केवढं असणार! आता न्हाणीघरांचं पाणी जमिनीत मुरतं, टेकडी भुसभुशीत होते. काही बुरूज ढासळलेही. हे कळल्यावर दिवसातून तीनदा आंघोळ करायच्या माझ्या बेताची मला लाज वाटली. मी खाली गावात राहत होते, तरीही.

पटव्यांच्या हवेल्यांत आम्ही सकाळी उघडल्याबरोबर शिरलो. एका व्यापाऱ्याने पाच मुलांसाठी पाच हवेल्या, १८०५ मध्ये सुरू केलेलं काम. सगळे कोरीवकामाचे फोटो काढतात. मी भिंतीला हात लावत फिरले. ज्या बाजूवर ऊन होतं तिथेही कोरीव भागाच्या खोलगट जागा गार होत्या. प्रत्येक फूल, प्रत्येक कंगोरा शेजारच्या दगडावर सावली धरून उभा. सपाट भिंत अख्खी तापते, ही निम्मीच. जाळीपाशी गाल नेला तर वाऱ्याची बारीक धार लागली. वारा लहान भोकातून घुसताना वेग घेतो. आणि भिंती इतक्या जाड की दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून तर संध्याकाळी घर तापतं आणि माणसं गच्चीवर जातात. गावाबाहेर काचेची नवी हॉटेलं उभी आहेत. तिथल्या खोल्या गार असतील, पण एसीचं तोंड गल्लीकडे असतं आणि गल्लीतून चालणाऱ्याने त्याचं काय करायचं?

काकीसांचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. नऊच्या आत चूल बंद. केर-सांगरीची भाजी, बाजरीची भाकरी, कांदा, ताक. केर म्हणजे तिथल्या एका काटेरी झुडपाची फळं, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. तिच्या शेंगा खातात हे ऐकून नणंद थक्क. बाजरीचं पीठ ताकात शिजवून रात्रभर मातीच्या भांड्यात ठेवलेली राब सकाळी मिळायची. पहिल्या दिवशी आंबट म्हणून मी तोंड वाकडं केलं. गडीसरच्या प्रकारानंतर दोन वाट्या मागून घ्यायला लागले. अकरा ते पाच दार बंद. पाचला अंगणात पाण्याचा सडा, मग गच्चीवर सडा, मग खाटा वर.

काकीसा म्हणाल्या, नौतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चांगला तापायला हवा, नाही तर पाऊस रुसतो. आमची आजी रोहिणीच्या नवतप्याबद्दल अगदी हेच म्हणायची. मी तसं सांगितल्यावर त्या खूश झाल्या आणि त्यांनी माझं गाव पहिल्यांदाच विचारलं.

शेवटच्या रात्री खाटेवर पडलो होतो. पश्चिमेकडचे तारे एकदम दिसेनासे झाले. काकीसा ओरडल्या, "आँधी!" खाटा, उशा, वाळत घातलेल्या सांगऱ्या, सगळं जिन्यातून खाली. आम्हाला दोन फेऱ्याही धड जमल्या नाहीत. दहा मिनिटं दाराच्या फटीतून वाळू शिट्टी वाजवत आत येत होती. दातांत कचकच. मग वारा पडला आणि हवा अशी गार झाली की नणंदेने चादर मागितली. मे महिन्यात! सकाळी गच्ची झाडली तेव्हा पाऊण टोपली वाळू निघाली. काकीसांनी ती कुंड्यांत घातली.

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी शटर ओढलं आणि फटीवर ओला पंचा अडकवला. समोर एक नवीन जोडपं होतं, त्यांना हवा हवी होती. त्यांनी त्यांचं शटर उघडलं. मी काही बोलले नाही. फलोदी आलं तेव्हा नणंद तोंडावर ओढणी घेऊन झोपली होती. समोरच्या बाईंनी त्यांचं शटर खाली केलं आणि विचारलं, "पंचा कितीदा भिजवता?"