इंटरप्ट हँडलरमधले चार बॅरियर

जळगावात सध्या दुपारी टेबलावरचा एआरएम बोर्ड इतका तापतो की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि मोजमापांना अर्थ उरत नाही. म्हणून स्टोरेज ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरमधले, म्हणजे डिव्हाइसने खुणावल्यावर चालणाऱ्या कोडमधले, अनावश्यक बॅरियर (मेमरीच्या वाचन-लिखाणाचा क्रम राखणाऱ्या सूचना) काढण्याचे काम मी पहाटेच घेऊन बसतो. इंटेलच्या लॅपटॉपवरही ते झाले असते, परंतु तिथली मेमरीची शिस्त मुळातच कडक असल्यामुळे गरजेचा बॅरियर काढला तरी बहुधा काही बिघडत नाही, आणि असल्या चाचणीवर माझा विश्वास नाही.

हँडलरमध्ये चार बॅरियर होते. टिप्पणी एकावरही नव्हती. पहिला ‘आरएमबी’ (वाचनांचा क्रम राखणारा) डिव्हाइसचे स्टेटस रजिस्टर ‘रीडएल’ या फंक्शनने वाचल्यावर लगेच होता. लिनक्समध्ये त्यानंतरचे मेमरीवाचन रजिस्टर वाचण्याआधी होणार नाही, ही हमी ‘रीडएल’ स्वतःच देतो. रजिस्टरात लिहिणाऱ्या ‘राइटएल’च्या आधीच्या ‘डब्ल्यूएमबी’चेही (लिखाणांचा क्रम राखणाऱ्या बॅरियरचेही) तेच. एआरएम६४ वर ‘रीडएल’ आणि ‘राइटएल’च्या पोटात हलकी ‘डीएमबी’ सूचना असते. वेगळ्या लिहिलेल्या बॅरियरची मात्र ‘डीएसबी’ होते, आणि ती पूर्ण होईपर्यंत प्रोसेसर पुढची सूचना चालवत नाही. दोन्ही काढले.

तिसऱ्याने बराच वेळ खाल्ला. इंटरप्ट मास्क करणाऱ्या, म्हणजे तात्पुरते बंद ठेवणाऱ्या, रजिस्टरात लिहून झाल्यावर कोणीतरी ‘एमबी’ (वाचन आणि लिखाण दोन्हींचा बॅरियर) टाकला होता, बहुधा ते लिखाण डिव्हाइसपर्यंत पोहोचावे या आशेने. पण बॅरियर क्रम राखतो, पोच देत नाही. पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे डिव्हाइसला जोडणाऱ्या मार्गावर, प्रोसेसर लिखाण सोडून मोकळा होतो आणि ते वाटेतल्या ब्रिजमध्ये थांबलेले असू शकते. तेच रजिस्टर परत वाचले की काम होते, कारण वाचनाला आधीचे लिखाण ओलांडता येत नाही. असे वाचन वेळखाऊ खरे, पण मास्क करण्याची पाळी क्वचितच येते.

“भाऊ, मग चौथा तरी कशाला ठेवता?” धुळ्याच्या सहकाऱ्याने फोनवर विचारले. कारण असे: कम्प्लिशन क्यूमधल्या (डिव्हाइस पूर्ण झालेली कामे जिथे नोंदवते त्या रांगेतल्या) नोंदीचा फेज बिट (नोंद नवी की जुनी ते सांगणारा) आणि उरलेली नोंद साध्या मेमरीत असतात. मध्ये ‘रीडएल’ नाही, आणि नुसत्या ‘इफ’च्या अटीने दोन वाचनांचा क्रम बांधला जात नाही. बिट नवा आणि कमांड आयडी जुना अशी जोडी हाती लागली, तर भलतीच रिक्वेस्ट पूर्ण झाल्याचे वरच्या थराला कळवले जाईल. तिथे ‘डीएमए आरएमबी’ (डिव्हाइसने मेमरीत लिहिलेले वाचताना क्रम राखणारा हलका बॅरियर) पुरतो, तोच ठेवला आणि वर टिप्पणी लिहिली: फेज बिट तपासण्याआधी उरलेली नोंद वाचली जाऊ नये.