वाटीचं दुखणं आणि नव्या पेठेतला जिना

माझं क्लिनिक पुण्यात नव्या पेठेत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. ‘गुडघ्यांचं क्लिनिक आणि लिफ्ट नाही?’ हे मी जवळजवळ रोज ऐकते, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण काहीतरी पकडल्याचं समाधानही असतं. पण त्या जिन्याचा मला फार उपयोग होतो. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणारा माणूस वर येताना नुसता कुरकुरतो. उतरताना मात्र एक हात कठड्याला, अंग तिरकं, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला अख्ख्या शरीराचं वजन आवरून धरत हळूहळू खाली सोडावं लागतं. म्हणून पेशंट निघाला की मी दारात उभी राहून त्याला उतरताना बघते.

माझ्याकडे या दुखण्याचे सगळ्यात जास्त पेशंट येतात ते आसपासच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमधून. बीड, लातूर, नांदेडकडची मुलंमुली. एका मुलाचं सांगते, म्हणजे खरं तर तीन-चार जणांचं मिळून एक, कुणाची ओळख पटू नये म्हणून. वय तेवीस. दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघे दुमडून अभ्यास. पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी कुजबुज सुरू झाली आणि याने एकदम मैदानीची तयारी धरली. मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. पहाटे धावणं, संध्याकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या पळत वर आणि पळत खाली, शिवाय रूमवर बैठका. महिन्याच्या आत दोन्ही गुडघे दुखायला लागले.

‘कुठे दुखतं?’ विचारलं तर त्याने बोट ठेवलं नाही, अख्खा पंजा वाटीवर ठेवून गोल फिरवला. ही खूण मला आवडते. वाटीच्या खालच्या टोकावर बोट ठेवून ‘इथेच’ म्हणणाऱ्याचं दुखणं बहुधा तिथल्या कंडरेचं, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं असतं, आणि त्याची वाट वेगळी. याला जिन्यात दुखायचं, उकिडवं बसताना दुखायचं, आणि अभ्यासिकेतून तासाभराने उठताना सगळ्यात जास्त. एवढं ऐकून आणि एकदा बैठक मारायला लावून निदान जवळजवळ होतंच : ‘पटेलोफेमोरल पेन’, म्हणजे वाटी आणि मांडीच्या हाडामधल्या सांध्याचं दुखणं. पण तो माझ्याकडे यायच्या आधीच एमआरआय करून आला होता. रिपोर्टमध्ये ‘कॉन्ड्रोमलेशिया पटेली’, म्हणजे वाटीमागची कूर्चा मऊ झाली, असं लिहिलेलं. रात्रभर मोबाइलवर वाचून त्याने पुढचं सगळं स्वतःच ठरवलं होतं. गावाकडून आईचा फोन : ‘वाटी झिजली म्हणं. आता भरतीचं कसं रे?’

वाटीच्या मागच्या बाजूला कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत आवरणाचा, जाड थर असतो. तो थोडा मऊ झालेला किंवा खरबरीत झालेला दिसणं हे गुडघा अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सर्रास आढळतं. आणि कूर्चेला स्वतःच्या वेदना-नसाच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, वाटीखालची चरबीची गादी, म्हणजे ज्यांना नसा आहेत ते भाग. त्यामुळे ‘झिजली’ आणि ‘वंगण संपलं’ या दोन शब्दांनी आपल्याकडे जेवढे तरुण गुडघे घाबरवले आहेत तेवढे पर्वतीने दुखवले नसतील.

वाटीचं काम विहिरीवरच्या कप्पीसारखं आहे. मांडीचा मोठा स्नायू म्हणजे दोर, तो वाटीवरून वळून नडगीच्या हाडाला धरतो, आणि वाटीमुळे त्याला कमी ताकदीत जास्त ओढ मिळते. गुडघा जितका दुमडलेला आणि त्यावर वजन जितकं जास्त, तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. सपाट चालताना हा दाब किरकोळ असतो, जिन्यात तो शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतो आणि खोल बैठकीत त्याहून कितीतरी वाढतो. हा दाब वाईट नाही, सांधा त्यासाठीच घडला आहे. फक्त त्याला सवय लागायला आठवडे लागतात, आणि जाहिरात वेळ देत नाही.

म्हणून मी पहिल्यांदा विचारते ते ‘काय वाढवलंस, आणि किती पटकन?’ हे. एकच कारण सापडेल असं नसतं. कुणाचे मांडीचे स्नायू कमजोर असतात, कुणाचे खुब्याच्या बाजूचे, कुणाला दर रविवारी सिंहगड चढायचाच असतो. बायकांमध्ये हे दुखणं जास्त दिसतं. पण अचानक वाढवलेला भार जवळजवळ प्रत्येकाच्या गोष्टीत असतो.

‘मग बंद करू का सगळं?’ नाही. पूर्ण विश्रांतीने दुखणं शांत होतं, स्नायू अजून ढिले पडतात, आणि पुन्हा धावायला गेलं की तेच. मी त्याला पर्वतीच्या पायऱ्या आणि खोल बैठका काही दिवस सोडायला लावल्या, सपाटावरचं हलकं धावणं ठेवलं. नियम एकच : व्यायामात दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नेहमीसारखा असायला हवा. नसेल तर आदला डोस जास्त झाला. अभ्यासिकेत दर अर्ध्या तासाने पाय लांब करायचे. मेसमध्ये मांडी घालून जेवलास तर काही बिघडत नाही, फार दुखलं तर पाय पसर. कॉटबेसिसवरच्या खोलीत भारतीय संडास होता, तिथे सध्या भिंतीचा आधार घे म्हटलं. हे कुणी डॉक्टरांना विचारत नाही, पण रोजचा पहिला खोल दुमडा तिथेच पडतो.

व्यायाम साधे आहेत आणि कंटाळवाणे आहेत. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. पाठीवर झोपून कंबर उचलणं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला पाठ लावून अर्धं खाली जाणं. आणि माझा लाडका : जेवायच्या पाटावर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवून परत येणं, आरशासमोर, गुडघा आत झुकू न देता. पाट नसेल तर पक्की वीट. (त्या मुलाने एमपीएससीचा ठोकळा, म्हणजे परीक्षेचं जाडजूड पुस्तक, वापरू का विचारलं होतं. सरकतो, वापरू नका.) गुडघा फारच चिडलेला असला तर आधी फक्त खुब्याचे व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस, जमेल तसं वजन वाढवत, आणि फरक मोजायचा तो सहा ते बारा आठवड्यांवर. मांडी आणि खुबा दोन्हींचे व्यायाम एकत्र केले की नुसत्या गुडघ्याच्या व्यायामापेक्षा बरं निघतं, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे.

पेशंटला मात्र मशीन हवं असतं. ‘करंट नाही लावणार, मॅडम?’ उपचाराचं अल्ट्रासाउंड मशीन माझ्याकडे आहे, त्यावर क्रोशाचं कापड आहे, आणि बहुतेक दिवस ते तसंच असतं. २०१८च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनातही या दुखण्यासाठी अशा यंत्रांची शिफारस नाही. टेपचं वेगळं आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ मध्ये वाटी टेपने ओढून धरण्याची पद्धत मांडली. वाटी खरंच जागेवर येते का, यावर नंतर बरेच वाद झाले, पण काही दिवस दुखणं कमी होतं, आणि तेवढ्यात व्यायाम करून घेता येतो. मेडिकलमधली नी कॅप घालायची तर घाला, फक्त ती घालून व्यायाम बुडवू नका. तेल चोळल्याने बरं वाटत असेल तर जरूर चोळा. दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल विचारणाऱ्यांना मी फिनलंडमधला २००७ सालचा अभ्यास सांगते : ऑपरेशन आणि व्यायाम केलेले, आणि नुसता व्यायाम केलेले, दोघांत फरक निघाला नाही.

गुडघा कटकट वाजतो त्याचं काय? काही नाही. दुखत नसेल तर वाजू द्या.

पण गुडघा सुजला, मार लागल्यावर वजनच टाकता येईना, अडकून बसू लागला, वाटी बाजूला सरकल्यासारखी झाली, लाल-गरम होऊन ताप आला किंवा रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखलं, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर त्याचा खुबाही तपासून घ्या. खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

परत धावताना त्या मुलाला मी पावलं छोटी करायला सांगितली. वेग तोच, मिनिटाला पावलं पाच ते दहा टक्क्यांनी जास्त. याने वाटीवरचा दाब कमी होतो. पायऱ्या सगळ्यात शेवटी, आणि सुरुवातीला फक्त चढताना पळायचं, उतरताना चालायचं.

आता ढोलपथकांचे सराव सुरू होतायत, म्हणून हे लिहायला घेतलं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या जिन्यावर वादकांची रांग असते. वर्षभर लॅपटॉपसमोर बसून एकदम कमरेला ढोल बांधून रोज दोन-तीन तास वाकत्या गुडघ्यांवर नाचायचं, म्हणजे पर्वतीचीच गोष्ट. पहिल्या आठवड्यात अर्धाच वेळ ढोल बांधा, मधे झांज किंवा ध्वज घ्या, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. आणि पाट आत्ताच माळ्यावरून काढा, कारण सहा आठवडे मोजायला सुरुवात आज केली तरच ते मिरवणुकीपर्यंत भरतील.