बोक्याला गोड घालत होतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाही, गोडधोड कधीच घातलं नाही. मांजरांना गोड चव कळतच नाही हो! पण डायबिटीस म्हटलं की सगळे आधी त्याच्या वाटीकडे बघतात, मग माझ्याकडे.

घोळ पिट्युटरीत होता. मेंदूखालच्या त्या इवल्याशा ग्रंथीत गाठ, तीही न पसरणारी, पण ग्रोथ हार्मोन सोडत बसलेली. ते हार्मोन इन्सुलिनला दाद लागू देत नाही, स्नायू साखर उचलत नाहीत आणि लिव्हर ओततच राहतं.

आम्हाला हे कळलं कधी, तर इन्सुलिनचा डोस वाढवत वाढवत नेला तरी शुगर ढिम्म, मग डॉक्टरांना वाटलं मीच नीट टोचत नाही. सिरिंजमध्ये सलाईन भरून दिलं, टोचून दाखवा म्हणाले, बाहेरचे दोघंतिघं दारातून बघतायत, मी मानेची कातडी चिमटीत धरली, हात थरथरतोय, बोका बिचारा हूं की चूं नाही. "टोचता तर बरोबर." हे असं, नवल वाटल्यासारखं! पहिली शंका तीच घ्यायची असते, कळतं मला, पण त्या दारातल्या नजरा अजून जात नाहीत. मग वजन केलं तर वाढलेलं. कंट्रोल नसेल तर मांजर वाळतं, हा भरत चाललेला. तेव्हा कुठे त्यांनी तोंड नीट पाहिलं: खालचा जबडा पुढे, दातांत फटी, पंजे हे एवढे. रक्तात आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हार्मोनमुळे वाढणारं आणखी एक हार्मोन, भरमसाट निघालं.

आणि पिट्युटरीचं डायबिटीसशी हे नातं काही नवं नाही. अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ बर्नार्डो उसाय यांनी १९३० च्या सुमारास इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची पिट्युटरीही काढली तर त्यांचा डायबिटीस सौम्य झाला, १९४७ ला नोबेलही मिळालं.

मग पिट्युटरी काढायचं ऑपरेशन का नाही केलंत, हा तुमचा पुढचा प्रश्न. बऱ्याच मांजरांचं त्यानंतर इन्सुलिन सुटतं, मान्य. पण कॉर्टिसोन आणि थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर, शिवाय पिट्युटरी काढलेले प्राणी उपाशी राहिले की साखर धाडकन खाली येते, हे वाचलं आणि मी अडले. तेव्हाची मी म्हणते, जपलं त्याला. आताची म्हणते, जपलंस कसलं, घाबरलीस. तेव्हाची लगेच विचारते, टेबलावरच गेला असता तर? सध्या बारा तासांनी इंजेक्शन चालू आहे, डोस मोठाच.