सोलरची बॅटरी घरी बांधताना

100 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेचे आठ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये जोडले की 25.6 व्होल्टचा, साधारण अडीच युनिटचा पॅक होतो. त्याआधी आठही सेल पॅरललमध्ये जोडून 3.65 व्होल्टपर्यंत सावकाश चार्ज करा. हे टाळलं तर एखादा सेल आधी भरतो, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतो, बाकीचे अर्धपोटीच राहतात.

फ्यूज डीसीचाच, पॉझिटिव्ह टर्मिनलला लागून. घरातला एसी एमसीबी नको. डीसीची ठिणगी त्यात विझेलच असं नाही.

सांगलीच्या उन्हाळ्यात पॅक पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, उष्णतेने सेल लवकर म्हातारे होतात. कृष्णाकाठी तर वरचाच मजला बरा. 2019 चा पूर आठवतोय ना?

अधूनमधून लोड चालू ठेवून प्रत्येक बसबारच्या (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) जोडावर मिलिव्होल्ट मोजा. एखादा जोड इतरांपेक्षा जास्त दाखवत असेल तर तो सैल किंवा काळवंडलेला. लोड बंद करून सोडवा, पॉलिश पेपरने घासा, आवळा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळायला विसरू नका.